नंबर वर, टीम बाहेर : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या मार्च महिन्यातल्या नॉकआउट स्पर्धेवर अर्धं पान लिहिलं होतं. त्यात मी एक वाक्य टाकलं होतं की टीम निवडताना तिकडे कॉम्प्युटर रँकिंग वापरतात पण शेवटी त्याचं ऐकतातच असं नाही. झालं, त्या एका वाक्यावरच सगळी पत्रं आलीत. ठाण्यात आणि नवी मुंबईत या खेळाचे एवढे चाहते आहेत हे बघून बरं वाटलं. काहींची मुलं तिकडे शिकायला गेल्यामुळे आईवडील बघायला लागलेत, काही स्वतः सोसायटीच्या कोर्टावर खेळतात. पाच प्रश्न घेतोय, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न (नेरूळ) : सर, माझा मुलगा इंडियाना राज्यात टेरे होटला शिकत होता, त्यामुळे २०२४ ला आम्हीपण इंडियाना स्टेटच्या मॅच बघायला लागलो, तो चष्मेवाला सेंटर तर आमच्या हिचा फेव्हरिट. २८ मॅच जिंकल्या, ६ हरल्या, त्या नेट नावाच्या कॉम्प्युटर रँकिंगमध्ये तिसाच्या आत नंबर, आणि ६८ टीमच्या स्पर्धेत घेतलंच नाही! आणि पन्नाशीच्या पलीकडची व्हर्जिनिया आत! मग ते रँकिंग काढतात कशाला?

उत्तर : काका, तुमचा मुलगा चिडला असेल तर त्याला चिडू द्या, त्यात चूक काही नाही. पण झालं कसं ते आधी बघू.

डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, साडेतीनशेच्या वर टीम आहेत. त्यातून ६८ घेतात. २०२४ ला त्यातल्या ३२ जागा थेट होत्या, म्हणजे आपापल्या कॉन्फरन्सची (टीम ज्या गटात सीझनभर खेळते त्या गटाची) स्पर्धा जिंका आणि आत या, कोणाला विचारायची गरज नाही. उरलेल्या ३६ जागा बारा जणांची कमिटी ठरवते. इंडियाना स्टेट आपल्या कॉन्फरन्सच्या फायनलला ड्रेककडून ८४-८० अशी हरली, म्हणजे चार पॉइंटनी थेट तिकीट गेलं आणि गाडी कमिटीच्या दारात. त्याच आठवड्यात एनसी स्टेटने पाच दिवसांत पाच मॅच जिंकून आपली कॉन्फरन्स मारली, ओरेगननेही मारली, म्हणजे ज्या एरवी बाहेरच राहिल्या असत्या अशा टीम थेट आत आल्या आणि कमिटीकडच्या जागा तेवढ्या आटल्या.

आता रँकिंगचं. ही स्पर्धा भरवणारी संस्था एनसीएए स्वतःच म्हणते की नेट हे वर्गवारी करायचं साधन आहे, निवड करायचं नाही. ऐकायला छान वाटतं. प्रत्यक्षात काय होतं की तुमचा स्वतःचा नंबर कमिटी फार मनावर घेत नाही, पण तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांचे नंबर मात्र फार मनावर घेते. प्रत्येक मॅच चार खणांत टाकतात. पहिल्या खणात, म्हणजे क्वाड वनमध्ये, घरच्या मैदानावर १ ते ३० नंबरवाल्यांशी झालेली मॅच, तटस्थ मैदानावर १ ते ५०, आणि बाहेर जाऊन खेळलात तर १ ते ७५. मग विचारतात, क्वाड वनमध्ये किती जिंकलात?

आणि इथेच तुमच्या टेरे होटवाल्यांची गोची. मोठ्या कॉन्फरन्समधल्या टीमला दर आठवड्याला क्वाड वनची मॅच आपोआप मिळते, शेजारीच तसले आहेत ना. छोट्या कॉन्फरन्सवाल्याने ती आणायची कुठून? मोठी टीम छोट्याच्या गावात खेळायला जात नाही, हरली तर फजिती आणि जिंकली तर फारसं कौतुक नाही, मग कशाला जाईल. उलट ती पैसे देऊन लहान टीमना आपल्याकडे बोलावते, त्यांना हरवते आणि चेक देऊन परत पाठवते, हा तिकडचा रीतसर धंदा आहे. म्हणजे ज्याला परीक्षेला बसूच दिलं नाही त्याला विचारायचं की मार्क का नाहीत. माझं मत विचाराल तर तिथे इंडियाना स्टेट असायला हवी होती. ती मग दुसऱ्या, कमी मानाच्या एनआयटी स्पर्धेत गेली आणि फायनलला सेटन हॉलकडून ७९-७७ अशी हरली. आणि व्हर्जिनिया पहिल्याच मॅचला कोलोरॅडो स्टेटकडून ६७-४२ अशी आपटली. पण या शेवटच्या वाक्याचा आनंद फार घेऊ नका, का ते खारघरच्या मुलाला उत्तर देताना सांगतो.

प्रश्न (ऐरोली) : मी डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये काम करते, त्यामुळे मला उत्सुकता आहे की हे नेट नक्की मोजतं काय? आणि नेटच्या आधीचं रँकिंग, आरपीआय, एवढं वाईट होतं का, सगळे त्याला शिव्या घालतात म्हणून विचारलं.

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नाला जरा जागा लागेल, पण तुम्ही आकड्यातल्या आहात तर मजा येईल.

आरपीआय १९८१ ला आला. फॉर्म्युला इतका सोपा की कागदावर करता येतो : तुमची जिंकायची टक्केवारी २५ टक्के, तुमच्या प्रतिस्पर्ध्यांची ५० टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची २५ टक्के. म्हणजे तुमच्या नंबरातला तीन चतुर्थांश भाग तुमच्या हातातच नाही. करून बघा. एका टीमने ३० पैकी २० जिंकल्या, तिचे प्रतिस्पर्धी सरासरी .६०० चे, त्यांचे प्रतिस्पर्धी .५०० चे, तर उत्तर येतं .५९२. दुसऱ्या टीमने ३० पैकी २७ जिंकल्या पण प्रतिस्पर्धी .४५० चे, पुढचे तेच .५००, तर येतं .५७५. दहा हरलेली वर, तीन हरलेली खाली. आणि कमजोर टीमला हरवलं तर जिंकूनसुद्धा नंबर घसरू शकायचा, त्यामुळे हुशार कोच काय करायचे की तीनशेव्या नंबरच्या टीमऐवजी दीडशे-दोनशेच्या आसपासची टीम शोधायचे, दोघींनाही आरामात हरवता येतंच पण फॉर्म्युल्याला दुसरी आवडते. किती पॉइंटने जिंकलात याला काडीची किंमत नव्हती. कुठे खेळलात यालाही २००४-०५ पर्यंत नव्हती, मग बाहेरचा विजय १.४ आणि घरचा ०.६ असं वजन आलं. २००६ ला मिसुरी स्टेट आरपीआयमध्ये २१ व्या नंबरवर असून बाहेर राहिली, म्हणजे कमिटीलाही त्या आकड्यावर तेव्हापासूनच पूर्ण भरवसा नव्हता.

मग २०१८-१९ च्या सीझनला नेट आलं. सुरुवातीला त्यात पाच घटक होते आणि विजयाचं अंतर १० पॉइंटच्या पुढे धरायचं नाही असं होतं. २०२० ला साफसफाई करून दोनच ठेवले. एक टीम व्हॅल्यू इंडेक्स, म्हणजे कोणाला कुठे हरवलंत. दुसरा कार्यक्षमतेचा आकडा, म्हणजे दर शंभर पझेशनला (बॉल ताब्यात आल्यावरच्या शंभर संधींना) तुम्ही किती पॉइंट केले आणि किती दिले, त्यात समोरची टीम किती तगडी आणि मैदान कोणाचं याचा हिशोब धरून. आरपीआयपेक्षा हे शंभर पटीने बरं आहे यात वाद नाही. पण दोघांची मोट कशी बांधली, कोणाला किती वजन, हे पूर्ण जाहीर केलेलं नाही. तुमच्या ऑफिसात कोणी मॉडेल आणून म्हणालं की आतलं दाखवणार नाही पण उत्तर बरोबर आहे, तर तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीये.

शिवाय कार्यक्षमता आली आणि १० पॉइंटची मर्यादा गेली की आपोआप लोभ सुटतो. डिसेंबरमध्ये दुबळ्या टीमला बोलवा आणि ४५ पॉइंटने तुडवा, आकडा खूश. हिशोबात समोरच्याचा दुबळेपणा धरतात हे खरं, तरी बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या टीमवर २०२३-२४ ला हीच टीका झाली की सुरुवातीचं वेळापत्रक मऊ ठेवून यांनी नंबर फुगवले. २५ पॉइंटची आघाडी आहे, शेवटची तीन मिनिटं राहिलीत, कोच बेंचवरच्या पोरांना खेळवणार की मेन पोरांनाच ठेवणार, हा निर्णयसुद्धा रँकिंगमध्ये शिरतो, जो खरं तर सौजन्याचा आहे.

आणि मला विचाराल तर सगळ्यात मोठा घोळ आहे तो जोडणीचा. साडेतीनशेवर टीम आणि प्रत्येकीच्या तीस-पस्तीस मॅच, त्यातल्या वीसेक आपल्याच कॉन्फरन्समध्ये, त्यातही काही टीमशी दोनदा. म्हणजे एका कॉन्फरन्सची दुसरीशी तुलना ज्या धाग्यावर लटकते तो धागा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरमधल्या मोजक्या मॅच. तेव्हा पोरं नवीन असतात, अर्धी टीम ट्रान्सफर होऊन आलेली असते. पण त्या दोन महिन्यांत एखाद्या कॉन्फरन्सने मिळून चांगला खेळ केला की सगळ्यांचे नंबर वर जातात, आणि जानेवारीपासून त्या एकमेकींशीच खेळतात, एक जिंकणार एक हरणार, पण हरणारीचंही फार बिघडत नाही कारण समोरची क्वाड वनवाली. कॉन्फरन्स मार्चपर्यंत कितीही ढेपाळली तरी बाहेरच्या कोणाशी मॅचच नाही तर ते दिसणार कशात?

आणि हे सगळं करून शेवटी छापतात काय तर क्रमांक. २८ वा आणि ४५ वा यांच्यातलं रेटिंगचं अंतर कधीकधी इतकं बारीक असतं की दोन मॅच इकडच्या तिकडे झाल्या तर यादी उलटी होईल. तुम्ही त्यावर एरर बार लावाल, म्हणजे आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो ते दाखवाल, तिकडे मात्र ७५ व्या नंबरच्या टीमला तिच्या घरी हरवलं तर क्वाड वन आणि ७६ व्या नंबरच्या टीमला हरवलं तर क्वाड टू. आणि तो ७५ चा ७६ व्हायला तुम्ही काही करावंच लागत नाही, दोन महिन्यांनी ती टीम तिसऱ्याच कोणाशी हरली की तुमचा जुना विजय एका रात्रीत स्वस्त होतो.

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : मी बँकेतून निवृत्त झालो, प्रमोशनच्या कमिट्या जवळून पाहिल्यात. माणसं बसली की वशिला आलाच. कॉम्प्युटरलाच ६८ टीम निवडू द्या की, काय बिघडलं?

उत्तर : काका, कोणत्या कॉम्प्युटरला? हे उडवून लावायला म्हणत नाहीये, खरंच विचारतोय. कमिटीच्या टेबलावर प्रत्येक टीमचा जो कागद असतो त्यावर नेटशिवाय आणखी अर्धा डझन रँकिंग असतात आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत, कारण त्यांना प्रश्नच वेगवेगळे घातलेत. केन पॉमरॉयचं केनपॉम, ईएसपीएनचं बीपीआय, टॉर्विक, ही सगळी सांगतात की उद्या मॅच लावली तर कोण जिंकेल. त्यांना तुमचे विजय-पराभव फार महत्त्वाचे नाहीत, एका पॉइंटने हरलात की जिंकलात जवळपास सारखंच. दुसरी जात आहे स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड किंवा २०२४-२५ पासून त्या कागदावर आलेलं विन्स अबव्ह बबल यांची. ती बघतात की तुमचंच वेळापत्रक एखाद्या ठरावीक दर्जाच्या टीमला (बबलमध्ये काठावरच्या) दिलं असतं तर तिने किती जिंकल्या असत्या, आणि तुम्ही त्याहून किती जास्त जिंकलात. म्हणजे कमावलेलं किती ते.

आता स्पर्धेत उत्तम टीम घ्यायच्या की कमावलेल्या घ्यायच्या? बँकेतल्या प्रमोशनच्या कमिटीत तुम्ही हा वाद ऐकला असेलच, पुढे चांगलं काम करेल तो की आजवर केलं तो. हे कुठलंच सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही, ते आधी माणसांनी ठरवायचं आणि मग सॉफ्टवेअर निवडायचं. एनसीएएने आजवर ते धड ठरवलेलं नाही. नेट हे दोन्हींचं मिश्रण आहे, अर्धं अंदाजाचं अर्धं कमाईचं, आणि म्हणूनच ते दोन्ही प्रश्नांना अर्धवट उत्तर देतं असं माझं स्पष्ट मत. आकडा खोटं बोलत नसतो, पण त्याला विचारलेलं एक असतं आणि आपण त्याच्या तोंडी घालतो भलतंच. माझं मत म्हणाल तर घ्यायच्या कमावलेल्या. नाहीतर मग सीझन खेळवायचाच कशाला, नोव्हेंबरातच अंदाज बांधा आणि घरी जा.

वशिल्याचं म्हणाल तर तुमचा संशय अगदीच हवेतला नाही. २०२५ ला नॉर्थ कॅरोलायना शेवटच्या काही टीममध्ये आत आली, क्वाड वनमध्ये १३ मॅच खेळून फक्त १ जिंकलेली, आणि कमिटीचा अध्यक्ष कोण, तर त्यांच्याच युनिव्हर्सिटीचा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. नियमाप्रमाणे त्यांच्या टीमची चर्चा असताना तो खोलीबाहेर होता, तरी लोक बोलायचे ते बोललेच. बाहेर राहिलेल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने तर पत्रकार परिषद घेऊन चौकशी लावतो म्हणून सांगितलं, आपल्याकडचं राजकारण आठवलं.

पण माणसं पूर्ण काढलीत तर काय होईल तेही बघा. २०१९ ला एनसी स्टेट नेटमध्ये ३३ वी होती. कमिटीने बघितलं की कॉन्फरन्सबाहेरच्या वेळापत्रकाच्या कठीणपणात ही टीम देशात शेवटची आहे, ३५३ वी, आणि बाहेर ठेवलं. कॉम्प्युटरने आत घेतली असती, आणि पुढच्या वर्षी सगळ्यांनीच दुबळ्या टीम शोधल्या असत्या. किंवा २००० सालचं सिनसिनाटी घ्या. देशात एक नंबरची टीम, आणि कॉन्फरन्स स्पर्धेत केन्यन मार्टिनचा पाय मोडला. कमिटीने तिला दुसरं सीडिंग (स्पर्धेतलं मानांकन, एक सगळ्यात वरचं, सोळा सगळ्यात खालचं) दिलं, लोकांनी आरडाओरडा केला, टीम दुसऱ्या फेरीत टल्साकडून हरली. सीझनभराच्या बेरजेला पाय मोडलेला कळत नाही हो.

प्रश्न (खारघर, अकरावी) : २०११ ला व्हीसीयू नावाच्या टीमला स्पर्धेत घेतलं तेव्हा टीव्हीवरच्या एक्स्पर्ट लोकांनी कमिटीला धुतलं होतं आणि तीच टीम फायनल फोरला, म्हणजे सेमीफायनलला गेली. म्हणजे कमिटी बरोबर होती ना?

उत्तर : नाही रे मित्रा, त्यावरून तसं सिद्ध होत नाही. फर्स्ट फोरमधून, म्हणजे मुख्य फेरीआधीच्या मॅचपासून सुरू करून कॅन्ससलासुद्धा उडवलं, सगळं मान्य, पण मध्ये फ्लोरिडा स्टेटला ओव्हरटाइममध्ये एका पॉइंटने हरवलंय, तो एक बॉल रिंगवरून बाहेर पडला असता तर तू हा प्रश्न विचारला नसतास. कमिटीचा निर्णय निवडीच्या त्या रविवारी तिच्यासमोर जे होतं त्यावरून तपासायचा. चाळीस मिनिटांची एक मॅच, हरला तो घरी, यात काहीही होतं. २०१८ ला व्हर्जिनिया देशात पहिली होती आणि यूएमबीसी नावाच्या सोळाव्या सीडने तिला ७४-५४ असं झोपवलं, त्याआधी सोळावी सीड १३५ मॅच खेळून एकही जिंकली नव्हती. मग व्हर्जिनियाचा नंबर चुकीचा होता का? तीच व्हर्जिनिया पुढच्या वर्षी चॅम्पियन झाली. नेरूळच्या काकांना मी म्हटलं ना जास्त आनंद नको, ते यासाठीच.

प्रश्न (घोडबंदर रोड, ठाणे) : आमच्या पट्ट्यातल्या १६ सोसायट्यांची बास्केटबॉल लीग सुरू करतोय, शनिवार-रविवार. शेवटी ८ टीम नॉकआउटला घ्यायच्यात. कमिटीतला एक आयटीवाला म्हणतोय की नेटसारखं रँकिंग एक्सेलमध्ये बनवतो. बनवू द्यावं का?

उत्तर : एक्सेल बनवायची हौस असेल तर बनवू दे, नोटीस बोर्डवर लावा, पोरांना वाचायला मजा येते. निवड मात्र त्यावर करू नका. प्रत्येक टीमच्या फार तर चार-पाच मॅच होणार, त्यातून रँकिंग काढणं म्हणजे नाणं पाचदा उडवून त्याचा स्वभाव सांगणं. तुमच्याकडे एनसीएएकडे नसलेली सोय आहे, १६ च टीम आहेत. चार-चारचे चार गट करा, गटात सगळ्यांनी सगळ्यांशी खेळायचं, वरच्या दोन आत. निवडायची भानगडच नाही.

भानगड येते ती बरोबरीत, आणि तिथला नियम पहिल्या मॅचच्या आधी लिहून सगळ्या कॅप्टनांच्या सह्या घ्या. आयपीएल २०२४ मधली १८ मेची बंगळुरू-चेन्नई मॅच आठवत असेल, बंगळुरू जिंकली तर दोघांचेही १४ पॉइंट होणार होते आणि मग सगळं नेट रनरेटवर. चेन्नईला २१९ चं टार्गेट होतं पण २०१ केले तरी ते हरूनसुद्धा आत जाणार, आणि हे मैदानावरच्या प्रत्येकाला, टीव्हीसमोरच्या प्रत्येकाला माहीत होतं. १९१ वर अडकले आणि बाहेर. चेन्नईवाले हळहळले, पण आम्हाला फसवलं असं कोणी म्हणालं नाही. रनरेट काही फार शहाणं माप नाहीये, पण ते उघडं आहे.

तुमच्याकडे बरोबरी झाली तर आधी आपसातली मॅच कोण जिंकलं ते बघा. तिघे बरोबरीत अडकले तर पॉइंटचा फरक, पण एका मॅचचा फरक १५ च्या वर मोजायचा नाही असं लिहून ठेवा, नाहीतर कोणीतरी शेवटच्या रविवारी बारा वर्षांच्या पोरांच्या टीमवर साठ पॉइंट चढवेल आणि पालक भांडायला येतील. तेही सारखं आलं तर चिठ्ठी टाका, सगळ्यांसमोर. तक्रार आली तर ऐकायला तीन जण ठेवा, आणि ज्याच्या सोसायटीचा विषय असेल त्याने तेवढा वेळ बाहेर चहा प्यायला जायचं, त्याच्या जागी बसणाऱ्या चौथ्याचं नावही आधीच ठरवा. आणि हो, जून ते सप्टेंबर टाळा, पावसाने दोन रविवार गेले की कोणाच्या तीन मॅच कोणाच्या दोन असं होतं आणि मग तो आयटीवाला टक्केवारी काढायला बसतोच. नोव्हेंबरात सुरू करा.